तीस दिवसांची सही

बाबा,

मागच्या महिन्यात आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक बाई आली होती. सकाळचे दहा वाजले असतील, मी नुकतंच शटर वर केलं होतं. पस्तिशीची असेल, हातात प्लास्टिकचा फोल्डर, त्यात सगळे कागद नीट लावलेले. कोणी ठेकेदार कचऱ्याच्या मोठ्या गाड्यांवर बाया ड्रायव्हर घेणार होता आणि फॉर्म भरायला बारा दिवस उरले होते. तिच्याकडे कारचं लायसन्स चार वर्षांपासून होतं. हेवीचं, म्हणजे ट्रकचं, लर्निंग लायसन्स तिने महिन्याआधीच काढून ठेवलं होतं. राहिलं होतं ते फक्त आपल्यासारख्या स्कूलचं सर्टिफिकेट, की या उमेदवाराने ट्रकवर तीस दिवस ट्रेनिंग घेतली. मी विचारलं, "ट्रकवर किती दिवस बसल्या?" ती म्हणाली, "बसले नाही अजून. पण चार वर्षं कार चालवून राहिली ना मी, ताई. ट्रक म्हणजे काय, जरा मोठी गाडी. तुम्ही आज सही करून द्या, नोकरी लागली की शिकूनच घेईन."

बाबा, मी काय काय बोलले ते मला नीट आठवतही नाही. "जरा मोठी गाडी?" एवढं म्हणाले ते आठवतं, आणि मग तिचा फोल्डर उचलून मी दाराकडे भिरकावला. कागद पायरीवर पडले, एक रस्त्यावर गेला. काउंटरवरून भाऊ म्हणाला, "ताई, बस झालं." ती बाई खाली वाकून एकेक कागद गोळा करत होती आणि मी तिच्या डोक्यावर उभी राहून ओरडतच होते. शेवटचा कागद फोल्डरमध्ये घालून ती सरळ उभी राहिली. म्हणाली, "चिडता काहून? नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचं." आणि गेली. खरं होतं तिचं. एका शब्दाचं काम होतं. बाकीचं सगळं तुमच्या वाट्याचं होतं, आणि तुम्हाला जाऊन बारा वर्षं झालीत, म्हणून ते तिला ऐकावं लागलं.

ट्रक म्हणजे काय हे तुमच्याहून जास्त या शहरात कोणाला ठाऊक होतं? ट्रकच्या कारखान्यात बत्तीस वर्षं तुम्ही नव्या कोऱ्या ट्रका चालवून पाहिल्या. निवृत्त झाल्यावर एक जुनी गाडी घेऊन अधारतालच्या मेन रोडवर ही पाटी लावलीत, आणि महाराजपूरच्या पुढच्या मोकळ्या मैदानावर शिकवायला लागलात. पहिले तीन दिवस तुम्ही कोणाला केबिनमध्ये चढूच देत नव्हता. गाडीखाली झोपायला लावायचे. "ब्रेकची हवा कुठे भरते दाखव. ब्रेक कुठे लागतो दाखव. हाताने दाखव, तोंडाने नको." चांगल्या चांगल्या घरची माणसं कपडे मातीत घालून खाली सरकायची. एकदा एक जण कोणातरी मोठ्या माणसाची चिठ्ठी घेऊन आला होता, म्हणे साहेबांनी सांगितलंय, आठ दिवसांत करून द्या. तुम्ही चिठ्ठी वाचली, नीट घडी घालून त्याच्या खिशात परत ठेवली आणि विचारलं, "चिट्ठी ब्रेक लगाएगी क्या?" सगळं मैदान हसलं. मी तिथेच पाण्याची कॅन घेऊन उभी होते. पुढे कित्येक दिवस जो भेटेल त्याला मी ती गोष्ट सांगत फिरले. माझे वडील असे आहेत, हे सांगायला मला फार आवडायचं.

आणि आपलं स्वयंपाकघर. आई गेल्यावर पोळ्या मीच करायचे. मी ओट्याशी लाटते आहे, तुम्ही खाली पाटावर बसून जेवता आहात, आणि जेवता जेवता डाव्या पायाने फरशी दाबून दाखवता आहात. "एकदा क्लच, गिअर मधे आण. क्लच सोड. जरा रेस दे. परत क्लच, आता खाली टाक. जुनी गाडी आहे, तिला दोनदा विचारावं लागतं." मी लाटणं हातात धरून पाय हलवते. तव्यावरची पोळी करपते. तुम्ही म्हणता, "करपू दे, पाय चुकू देऊ नको." भाऊ त्या वेळी मोबाईलच्या दुकानात असायचा. त्याला गाड्यांचं काही नव्हतं. मला होतं. मैदानावरून ट्रक परत आणायला कोणी नसलं की मी आतल्या रस्त्याने आणायचे, तुम्ही शेजारी बसायचे, आणि दोन बाभळींच्या मधून मागे घेऊन मी ती एका झटक्यात उभी करायचे. तुम्ही खाली उतरून चाकाखाली ठोकळा लावायचे आणि चालू पडायचे.

मी एकदा विचारलं होतं, बाबा. मी सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेन. म्हटलं, माझंही हेवी काढून टाकू ना, तुम्हालाही मदत होईल शिकवायला. तुम्ही चहा पीत होता. "काहून? कोणाला दाखवायचं आहे?" एवढंच. पुढच्या आठवड्यात तुम्ही मला एक शाईचं पेन आणून दिलं, चांगलं जाड निबचं. म्हणालात, तुझं अक्षर सुंदर आहे, ट्रेनिंगचं रजिस्टर तूच लिहीत जा. मी खूश झाले. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो, की एवढ्यावर मी खूश कशी झाले!

मग भावाची घाई निघाली. त्याचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडच्यांना दुकानातली नोकरी पटत नव्हती. ओमती भागातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने सांगितलं, हेवी लायसन्स असेल तर एक तारखेपासून गाडी देतो, नागपूरची लाइन आहे. सव्वीस वर्षांचा होता तो, कळायचं वय होतं त्याचंही, हे मला मान्य आहे. पण तो तुमच्याकडे आला होता, बाबा. तुमच्याकडे! दुसऱ्या कोणाकडे गेला असता तर मी समजले असते. लर्निंग काढल्यावर टेस्टला तीस दिवस थांबावंच लागतं, म्हणजे शिकवायला सबंध महिना कायद्यानेच तुमच्या हातात दिला होता. त्या महिन्यात तो चार वेळा ट्रकवर बसला. चार. सकाळी म्हणायचा, बाबा, आज दुकानात माल येऊन राहिला, उद्या येतो. आणि तुम्ही, दुसऱ्याचा मुलगा पाच मिनिटं उशिरा आला तर परत पाठवणारे तुम्ही, म्हणायचे, "जा, जा. घरचीच गाडी आहे, केव्हाही बसता येईल."

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी तुम्ही मला रजिस्टर घेऊन बसवलंत. ऑफिसात आपण दोघंच होतो. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेले. पहिला दिवस, गाडीची ओळख. पाचवा दिवस, स्टेअरिंग. अकरावा दिवस, मागे घेणे. तुम्हाला पाठ होतं सगळं, वर्षानुवर्षं खरं खरं शिकवलेलं होतं ते. सतराव्या दिवसाला तुम्ही म्हणालात, "घाट उतरणे. खालचा गिअर, इंजिनाच्या जोरावर." मी पेन थांबवलं. म्हटलं, बाबा, त्या दिवशी तर तो कटनीला लग्नात होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीतून रस्त्यावर पाहत म्हणालात, "लिही." मी लिहिलं. त्या जाड निबाने, सुंदर अक्षरात. खाली सही तुमची. मी नंतर पुष्कळदा स्वतःला म्हणाले की सही तर त्यांची होती. पण अक्षर माझं आहे, आणि मला तेव्हा एकतीस वर्षं पूर्ण झाली होती, मी काही लहान नव्हते. तुम्ही मला यात ओढलंत याचा राग वेगळा, आणि मी ओढू दिलं याचा वेगळा. दोन्ही तुमच्यावरच काढते मी. दुसरं कोण आहे?

टेस्ट त्याने खरीखुरी पास केली. सपाट ट्रॅक होता, गाडी रिकामी होती, पुढे न्यायची, वळवायची, मागे घ्यायची. तेवढं त्याला येत होतं. घरी तुम्ही पेढे आणले.

नोकरीच्या चौथ्या महिन्यात, सिवनीच्या पुढच्या घाटात, भर दुपारी. ट्रकमध्ये तांदूळ भरलेला. त्याने मला हे फार नंतर सांगितलं, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून घरी आल्यावर, भिंतीकडे तोंड करून. "ताई, मी ब्रेक दाबूनच होतो. वरपासून दाबूनच होतो. खालचा गिअर टाकायचा असतो हे ऐकून होतो मी, पण टाकला की इंजिन इतकं ओरडते, मला वाटलं काही तुटून जाईल. मग ब्रेकचा वास यायला लागला. मग ब्रेक लागेचना. तेव्हा गिअर टाकायला गेलो तर पडेना, नुसता कर्र कर्र आवाज. गाडी न्यूट्रलमध्येच राहिली." एकदा क्लच, सोड, जरा रेस दे, परत क्लच. मला पोळ्या लाटता लाटता येत होतं ते, बाबा. ज्याला घाटातून पोट भरायचं होतं त्याला तुम्ही ते शिकवलं नाही. वळणावर समोरून मोटरसायकलवर एक शाळामास्तर येत होते, जवळच्याच गावचे, सकाळची शाळा सुटून घरी चाललेले. ते जागच्या जागी गेले. ट्रक खडकावर जाऊन थांबली. भावाचा डावा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

तुमचं काय झालं होतं तेव्हा, हे मी तुम्हाला विचारू शकले नाही, म्हणून आता विचारते. मेडिकलच्या व्हरांड्यात एक पोलीसवाला चौकशीला आला. मला वाटलं, आता तुम्ही खाली बसाल, रडाल, काहीतरी बोलाल. तुम्ही शर्टाची कॉलर नीट केली. "साहब, तीस दिन की पूरी ट्रेनिंग है. रजिस्टर देख लीजिए. घाट का भी लिखा है." आवाजही कापला नाही तुमचा. तो गेल्यावर मला म्हणालात, "त्या मालकाच्या गाडीचे ब्रेकच खराब होते." मी म्हटलं, बाबा, तो चारच दिवस बसला होता. तुम्ही म्हणालात, "हळू बोल. आत तो ऐकून राहिला." तेव्हा तुम्हाला त्याची काळजी होती की तुमची? चौदा वर्षं झाली, मी हे ठरवू शकलेले नाही.

मास्तरांच्या घरी तुम्ही आला नाहीत. मी म्हटलं होतं, दोघं जाऊ. तुम्ही म्हणालात, वकिलाने मना केलंय. मी एकटी बसने गेले. त्यांच्या बायकोने मला आत बसवलं, मी कोण हे सांगितल्यावरसुद्धा. चहा दिला. भिंतीला मास्तरांचा सदरा अजून लटकत होता, खिशाला लाल शाईचा डाग. ती रडली नाही, मला काही बोलली नाही. फक्त मी उठायला लागले तेव्हा तिने विचारलं, "दीदी, एक बात बता दो. भैया को गाड़ी चलानी आती तो थी न?" तिला काय हवं होतं मला कळत होतं. तिला हे हवं होतं की जे झालं ते कोणाच्या हातात नव्हतं. मी म्हटलं, "हाँ दीदी, आती थी." ती म्हणाली, "अच्छा." आणि दारापर्यंत सोडायला आली. बाबा, त्या घरात ते खोटं तुम्ही येऊन बोलायला हवं होतं. नाहीतर खरं तरी. तुम्ही घरात बसून राहिलात, आणि तिच्या तोंडावर ते मला बोलावं लागलं.

तुम्ही पुढे दोन वर्षं होता. दोन वर्षं म्हणजे काही कमी नसतात. रोज समोरासमोर जेवलो आपण. भाजीत मीठ कमी आहे असं तुम्ही सांगायचे, नळ गळतो आहे असं सांगायचे. भाऊ कुबड्या घेऊन खोलीत शिरला की तुम्हाला काहीतरी काम आठवायचं. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, तो निरोपही मीच ऐकला. मग एका सकाळी तुम्ही मैदानावर गाडीचं टायर तपासायला वाकलात आणि तसेच पडलात. सगळं अधारताल जमलं होतं. तुम्ही शिकवलेले ड्रायव्हर कुठून कुठून आले. एक जण सगळ्यांसमोर रडत म्हणाला, "उस्तादजी ने कभी किसी को आधा नहीं सिखाया."  भाऊ माझा हात धरून उभा होता, घट्ट, मी काही बोलू नये म्हणून.

आणि भावावर चिडावं तर त्याला राग येतच नाही! मी कधी तुमच्यावर बोलायला लागले की म्हणतो, "ताई, घाई मलाच होती. बाबांनी माझ्यासाठीच केलं ना." म्हणजे तुमच्या बाजूने अजून तोच बोलतो, ज्याचा पाय गेला तो. आता नकली पाय लावून काउंटर सांभाळतो, लर्निंगचे फॉर्म भरून देतो, लोकांना समजावून सांगतो. मास्तरांच्या गावी तो दर वर्षी जातो, हे मला अलीकडे कळलं. मला न सांगता जातो. तिथे काय बोलतो, तेही सांगत नाही.

तुम्ही गेल्यावर लोक म्हणाले, स्कूल विकून टाका. मी माझं हेवी काढायला घेतलं. तुमच्याबरोबर कारखान्यात असलेल्या एका काकांकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, सबंध तीस दिवस गेले. एकही दिवस चुकवला नाही, तापातसुद्धा गेले. काका म्हणाले, "बेटी, तुला तर येते सगळं, कशाला उन्हात येऊन राहिली?" मी म्हटलं, काका, तुम्ही फक्त मोजा. घाट उतरायला ते शेजारी बसले तेव्हा इंजिन इतकं ओरडलं की माझा पाय आपोआप ब्रेककडे गेला. असं ओरडतं तर. हाच आवाज ऐकून घाबरला माझा भाऊ. काका शांतपणे म्हणाले, "ओरडू दे, ती काम करून राहिली आपलं." किती वेळ लागला हे वाक्य बोलायला? तुम्ही ते हजार लोकांना सांगितलं असेल. टेस्टच्या दिवशी ट्रॅकच्या कडेला उभे असलेले पुरुष हसत होते, "दीदी, ये स्कूटी नहीं है." मी पास झाले आणि घरी येऊन कुकर लावला. तेव्हापासून ट्रकवर मीच शिकवते, सही माझी असते, आणि तीस दिवस म्हणजे तीस दिवस. लोक दुसरीकडे जातात. जाऊ देत.

ती बाई परत आली. फॉर्मची तारीख निघून गेली होती, ती जागा तिची गेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुसरी निघेल कधी. शिकवा आता." मी माफी मागितली नाही, तिनेही मागायला लावली नाही. आज तिचा अकरावा दिवस होता, मागे घेताना तिने मैदानाच्या कडेचा विटांचा ढीग पाडला आणि उतरून स्वतःच रचून ठेवला. विटा रचता रचता तिने विचारलं, "ताई, तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, वडिलांनी. ती म्हणाली, "तेही असेच होते, कडक?" भाऊ रजिस्टर घेऊन गाडीपाशी उभा होता. त्याने मान वर केली. आणि बाबा, एवढी पानं तुम्हाला लिहून झाल्यावर हे सांगायला लाज वाटते, पण हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, तर सांगून टाकते. मी तिला म्हटलं, माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात कोणाला एक दिवस कमी शिकवलं नाही, खोटी सही कधी केली नाही. असं मी आलेल्या प्रत्येकाला सांगते. दर वेळी. आणि ते बोलून होईपर्यंत, तेवढा वेळ, मला बरं वाटतं.